हिवाळी टायर : एका मोसमानंतरचे परीक्षण

जेथे कधीच बर्फ पडत नाही अशा शहरात अनेक वर्षे गाडी चालवल्यानंतर, गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझी बदली अशा शहरात झाली, जेथे रस्ते आठवडेच्या आठवडे बर्फाखाली असतात. नव्या घरातले सामान पुरते लागण्याआधीच मी गाडीसाठी चार हिवाळी टायर, वेगळ्या पोलादी रिमांसह, विकत घेतले. त्यांवर पूर्ण मोसम काढून आणि सुमारे ६,००० किलोमीटर चालवून हे लिहीत आहे. नव्या थंड शहरात राहायला जाणाऱ्याने जाड कोटाच्याही आधी या खरेदीचा विचार करावा, असे माझे मत झाले आहे. मात्र या टायरांकडून कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये, हे मला कोणी आधी सांगितले असते, तर माझे पहिले दोन आठवडे अधिक सुरक्षित गेले असते.

हिवाळी टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर, अशी माझी समजूत होती. नक्षी महत्त्वाची आहेच. परंतु खरा फरक रबरात आहे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते, आणि कडक झालेले रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात बसत नसल्यामुळे, बर्फाचा कणही नसलेल्या कोरड्या पण गार रस्त्यावरसुद्धा त्याची पकड घटते. हिवाळी टायरचे मिश्रण कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील असे केलेले असते. पारा शून्याखाली गेलेल्या एका सकाळी मी जुन्या आणि नव्या टायरवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले. जुन्यावरून ते निसटले. नव्यात खूण उमटली आणि सावकाश भरून आली. नव्या टायरच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक नागमोडी चिरा आहेत. भार पडला की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खोबणींत दाबून बसलेला बर्फ पाहून मी सुरुवातीला तो खरवडून काढत असे, आणि ते चुकीचे होते; कारण भुसभुशीत बर्फाला रबरापेक्षा बर्फच अधिक घट्ट धरतो, आणि त्या खोबणी त्याच कामासाठी असतात.

घेताना टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण आहे ना, हे अवश्य पाहावे. ही खूण बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळते. नुसती ‘एम + एस’ ही अक्षरे उत्पादक अशा चाचणीवाचूनही, केवळ नक्षीच्या स्वरूपावरून, उमटवू शकतो. कडेवरच्या लांबलचक क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष : ‘३५२४’ याचा अर्थ २०२४ सालचा ३५वा आठवडा.

पहिला चांगला बर्फ पडल्यावर, सकाळी लवकर एका रिकाम्या, प्रशस्त वाहनतळावर जाऊन मी ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. तेथेच या टायरांचे मोल मला कळले. गाडी सरळ रेषेत, अंदाज बांधता येईल अशा अंतरात थांबत होती. पावलाखाली ब्रेकचे पेडल थरथरले की घाबरून पाय उचलू नये, ती एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपले काम करत असल्याची खूण आहे, हेही मी त्याच सकाळी अंगवळणी पाडले. माझ्या एका सहकाऱ्याची गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे आणि त्यामुळे टायर बदलण्याची गरज नाही, असे त्यांना वाटत असे. चढावर त्यांची गाडी माझ्यापेक्षा लवकर सुटते, यात शंका नाही. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात, आणि थांबताना कामी येते ती टायरची पकड. त्याच कारणाने केवळ पुढची दोन चाके बदलणेही धोक्याचे आहे : पुढची धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते.

आता मर्यादा. ओल्या, गुळगुळीत बर्फावर हे बिनखिळ्यांचे, म्हणजे रबरात धातूचे खिळे नसलेले, टायर मला अपुरे वाटले. आपल्याला वाटते की थंडी जितकी जास्त तितकी घसरण जास्त, पण रस्त्यावरचा बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. एका संध्याकाळी पुलावर चढताच माझे स्टीअरिंग एकाएकी हलके झाले आणि गाडी क्षणभर माझी राहिली नाही. रस्ता फक्त ओला दिसत होता. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तो आधी गोठतो. मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, नजर जायच्या दिशेने ठेवली आणि पुढे पकड परत आली. त्या दिवसापासून पुढच्या गाडीपासूनचे अंतर मी कितीतरी वाढवले आहे.

तक्रार आहे ती बसवण्याच्या सेवेबद्दल. या टायरांना फिरण्याची दिशा ठरलेली असते आणि तसा बाण कडेवर असतो. गाडी घरी आणल्यावर टॉर्च घेऊन पाहिले, तर उजवीकडील मागच्या चाकाचा बाण उलटा होता. उलट्या नक्षीने पाणी आणि चिखल नीट बाहेर फेकला जात नाही. गॅरेजने चाक विनातक्रार बदलून दिले. परंतु ज्याच्या हाती लोक आपला जीव सोपवतात, त्याने हे गाडी सोडण्यापूर्वी पाहायला हवे होते. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, हेही तेथे कोणी सांगितले नाही. तसेच तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरले की हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, म्हणून थंडीची लाट आली की टायर गार असतानाच दाब मोजावा.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. जुनी बॅटरी थंडीत हमखास दगा देते, ती आधीच तपासून घ्यावी. काच धुण्याच्या टाकीत न गोठणारे द्रव आणि इंजिनाच्या कूलंटमध्ये योग्य मिश्रण असावे. गाडीत खरवडणी, फावडे आणि घोंगडी असावी. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचे असेल, तर धुराचे नळकांडे आधी मोकळे करावे, नाहीतर विषारी वायू आत शिरतो.

उबदार दिवसांत हे टायर आवाज करतात, वळणावर थोडे ढिले वाटतात आणि गरम डांबरावर लवकर झिजतात. त्यामुळे सकाळचे तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागताच मी ते उतरवले. नक्षी अजून ७ मिलिमीटर आहे. ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात भरवसा ठेवू नये, हा हिशेब धरला तर आणखी दोन मोसम निघावेत. प्रत्येक चाकावर खडूने त्याची जागा लिहून ती चारही चाके तळघरात एकावर एक रचून ठेवली आहेत.