हजाराची आवृत्ती की मागणीनुसार छपाई: छोटी आध्यात्मिक प्रकाशनसंस्था सुरू करणाऱ्यांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरच्या घरी आध्यात्मिक पुस्तकांची छोटी प्रकाशनसंस्था सुरू करू पाहणाऱ्यांना संस्थेची नोंदणी, चालू खाते, आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचा) अर्ज या गोष्टी नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्या थोड्या चिकाटीने होतात, आणि आयएसबीएन तर आपल्याकडे विनामूल्य मिळतो. खरा निर्णय संहिता हातात तयार झाल्यावर घ्यावा लागतो. एकदम हजार प्रती ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा करून छापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, छापून घ्याव्यात, की मागणी येईल तशा पंचवीस-पन्नास प्रती फाइलवरून थेट छापणाऱ्या डिजिटल यंत्रावर काढत राहाव्यात? मूळ ओव्या आणि त्यांखाली सोपा अर्थ अशा स्वरूपाचे एक २०८ पानांचे पुस्तक मी दोन्ही प्रकारे काढले आहे. त्यामुळे पुढचे विवेचन त्या अनुभवाच्या मर्यादेतले आहे. कथा-कादंबऱ्यांच्या प्रकाशकाला ते जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

सुरुवात डिजिटलच्या बाजूने करतो, कारण नवोदिताला ती बाजू पटकन पटते आणि त्यात गैर काही नाही. डेमी एक-अष्टमांश या नेहमीच्या पुस्तकी आकारात १६ पानांचा एक फर्मा (एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेली पाने) धरला, तर २०८ पानांचे तेरा फर्मे होतात, आणि हजार प्रतींना वाया जाणारे ताव सोडूनही सव्वीस रिमे (एक रीम म्हणजे ५०० ताव) कागद लागतो. तो कागद, प्लेटा, छपाई, मुखपृष्ठाचे लॅमिनेशन, बांधणी हे सगळे पैसे पहिली प्रत विकली जाण्याआधी द्यावे लागतात. त्यानंतर गठ्ठे येतात. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणाऱ्या) कागदावर अशी एक प्रत साधारण पाव किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे हजार प्रती दोनशे-अडीचशे किलोंच्या घरात जातात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे घर असणाऱ्याने हे वजन ठेवायचे कुठे, हा प्रश्न घरातली माणसे पहिल्याच दिवशी विचारतात. शिवाय आध्यात्मिक पुस्तकांचा गठ्ठा जमिनीवर ठेवलेला आणि त्याला पाय लागलेला कोणालाही आवडत नाही, त्यामुळे पलंगाखालची जागाही आपोआप बाद होते. डिजिटलमध्ये हा सगळा व्याप टळतो.

दुसरी सोय दुरुस्तीची. संतवाङ्मयाच्या छपाईत एखादी वेलांटी चुकली तरी वाचक फोन करतो, आणि करायलाच हवा. त्याला ती ओवी लहानपणापासून पाठ असते. मुद्रितशोधन कितीही काटेकोर केले तरी छापून झाल्यावर काहीतरी सापडतेच. डिजिटलमध्ये फाइल सुधारली की पुढची प्रत शुद्ध निघते. ऑफसेटमध्ये हजार प्रतींना शुद्धिपत्र चिकटवणे किंवा पुढच्या आवृत्तीची वाट पाहणे एवढेच हातात असते.

तिसरी सोय आपल्या क्षेत्राचीच आहे. आध्यात्मिक पुस्तकांची मोठी मागणी दुकानांपेक्षा कुटुंबांकडून येते: कोणाचे वर्षश्राद्ध असते, कोणाचे सहस्रचंद्रदर्शन, कोणाची साठीशांत, आणि आलेल्यांना देण्यासाठी शंभर-दीडशे प्रती हव्या असतात. पहिल्या पानावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असा मजकूर आणि फोटो हवा असतो. डिजिटल छपाईत एक पान बदलले की काम झाले. शिवाय दिवाळीच्या आधीचे दोन महिने ऑफसेटचे छापखाने आणि बाइंडर दिवाळी अंकांत आणि त्यानंतर कॅलेंडर-डायऱ्यांत गुंतलेले असतात. तेव्हा मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी ऐनवेळी प्रती हव्या असल्या, तर डिजिटलवाल्याचेच दार ठोठवावे लागते.

इतके असूनही किमतीचे गणित डिजिटलच्या विरोधात जाते. ऑफसेटमध्ये प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो आणि प्रती वाढतील तसा तो विभागला जातो. डिजिटलमध्ये पहिली प्रत आणि तीनशेवी प्रत जवळपास सारख्याच किमतीला पडते. माझ्या हिशेबाने तीनशे प्रतींच्या आत डिजिटल परवडते, पाचशेच्या पुढे ऑफसेट, आणि मधला पट्टा वादाचा आहे. इतर साहित्यात किंमत थोडी चढवून हा फरक भरून काढता येतो. आपल्याकडे ते अवघड आहे, कारण १९२३ मध्ये गोरखपूरला सुरू झालेल्या गीता प्रेसने धार्मिक पुस्तक स्वस्तच असते अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या लावून ठेवली आहे आणि त्यांची मराठी पुस्तके आपल्या पुस्तकाशेजारीच मांडलेली असतात. देवळाबाहेरच्या दुकानात गिऱ्हाईक पुस्तक उलटे करून आधी किंमत पाहते. छापील पुस्तकावर जीएसटी नसल्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावटही आपल्याला मिळत नाही, तो सरळ खर्चात धरावा लागतो. त्यातून विक्रेत्याचे कमिशन वजा केले, की डिजिटल प्रतीत प्रकाशकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

तरीही पैशांच्या गणितावरून मी निर्णय घेतला नसता. कमी नफ्यावर, पण डोक्याला ताप नसलेले काम करण्याची माझी तयारी होती. निर्णय झाला तो एका वरकरणी क्षुल्लक कटकटीमुळे: डिजिटल प्रत उघडी राहत नव्हती.

कळव्याच्या एका वयस्कर वाचकांचा श्रावणात फोन आला. पुस्तकाबद्दल चार चांगले शब्द बोलून झाल्यावर ते म्हणाले, “अहो, पण ते मिटतं. अध्याय वाचायचा की पान धरून बसायचं?” त्यांच्याकडे गेलो तेव्हा पाहिले. चौरंगावर पुस्तक, डाव्या पानावर चष्म्याचे घर, उजव्या पानावर खडीसाखरेची वाटी, आणि तरीही मधल्या घडीतली अक्षरे वाचायला त्यांना मान तिरकी करावी लागत होती. नित्यपाठाचे पुस्तक लोक हातात धरून वाचत नाहीत. ते समोर ठेवतात. एक हात जपमाळेवर असतो किंवा दोन्ही हात जोडलेले असतात. कादंबरी मिटली तर वाचक ती पुन्हा उघडतो आणि विसरून जातो. पाठाच्या मध्यावर पुस्तक मिटणे हा मात्र त्याच्या लेखी व्यत्यय असतो, आणि तो रोज घडतो.

पुढच्या पावसाळ्यात दुसरी तक्रार सुरू झाली, पाने सुटण्याची. पाने सुटलेली कथा-कादंबरी रद्दीत जाते. इथे मात्र एका ताईंनी विचारले, “हे सुटलेलं पान कुठे ठेवू? टाकवत तर नाही.” याला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. ज्या डिजिटल छपाईवाल्याकडून काम करून घेतले होते, त्याने बांधणी ‘स्टँडर्ड’ असल्याचे कळवले, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते.

यामागचे कारण यांत्रिक आहे आणि नवोदिताने ते समजून घ्यावे. ऑफसेटचा फर्मा घडी घातलेला असतो, त्यामुळे त्या घडीतून दोरा ओवून फर्मे एकमेकांना शिवता येतात. यालाच बाइंडर सेक्शन सुईंग म्हणतात. पान दोऱ्याने धरलेले असल्यामुळे पुस्तक सपाट उघडते आणि वर्षानुवर्षे हाताळले तरी टिकते. लहान डिजिटल दुकानांतून बहुधा सुटी कापलेली पानेच मिळतात. त्यांना शिवण्यासाठी घडीच नसते, म्हणून पाठीवर गरम सरस लावून मुखपृष्ठ चिकटवतात. ही परफेक्ट बाइंडिंग. नेहमीच्या वापरातला हा सरस थंड झाल्यावर ताठ होतो, पुस्तक दाबून उघडले की पाठीला चीर जाते, आणि चिरेशेजारची पाने सैल होतात. पीयूआर नावाचा लवचिक सरस याहून पुष्कळ चांगला, परंतु पन्नास प्रतींसाठी तो वापरणारा कोणी मला जवळपास मिळाला नाही. त्यात कागदाच्या तंतूंच्या दिशेची भर पडते. ही दिशा, म्हणजे ग्रेन, पुस्तकाच्या पाठीला समांतर नसेल तर पान वळताना अडते आणि पुन्हा उभे राहू पाहते. ऑफसेटला कागद घेतानाच हे ठरवता येते. डिजिटल दुकानात ज्या आकाराचा कागद भरलेला असतो त्यावरच भागवावे लागते.

हे सर्व पुस्तकांना लागू नाही, हे मान्य करायला हवे. हरिपाठ किंवा २०५ मनाचे श्लोक यांची बत्तीस-चाळीस पानी पुस्तिका मधोमध पिना मारून बांधतात, आणि ती कशीही छापली तरी छान उघडते. तिथे शिवणीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. प्रवचनांचे संकलन, चरित्र, तीर्थयात्रेची माहिती असे सलग गद्य लोक गाडीत किंवा पलंगावर हातात धरून वाचतात. तिथेही डिजिटल चालून जाईल. विक्रीचा काहीच अंदाज नसलेल्या पहिल्या पुस्तकाच्या शंभर प्रती डिजिटलवर काढून जाणकारांना वाचायला देणे तर मी आजही योग्य समजतो, कारण त्यातून चुकाही सापडतात. माझा आग्रह आहे तो पारायणाच्या आणि नित्यपठणाच्या ग्रंथांपुरता. पण आध्यात्मिक प्रकाशनाचा कणा तेच ग्रंथ असतात, हेही खरे.

ऑफसेटचा भार हलका करण्याची एक जुनी रीत आहे आणि मी ती स्वीकारली आहे. हजार प्रतींचे फर्मे एकदम छापून घ्यावेत, परंतु बांधणी तीनशेचीच करावी आणि उरलेले फर्मे घडी घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. बांधणीचा खर्च त्यामुळे टप्प्याटप्प्याने होतो. स्मरणार्थ प्रतींची मागणी आली की पहिल्या फर्म्याला वेगळा छापलेला कागद जोडून तेवढ्याच प्रती बांधून घेता येतात. म्हणजे डिजिटलची ती सोय बऱ्याच अंशी इथेही मिळते. एखाद्या फर्म्यात गंभीर चूक सापडली, तर तेवढाच फर्मा पुन्हा छापता येतो. मात्र त्यासाठी बाइंडर ओळखीचा आणि जवळचा हवा. ठाण्यात राहणाऱ्याला वागळे इस्टेटच्या परिसरात आणि नवी मुंबईकराला तुर्भ्याच्या बाजूला चौकशी केली तर असा माणूस मिळू शकतो, फक्त लहान कामाला तो थोडा कुरकुरतो.

साठवणुकीचा त्रास मी नाकारत नाही. भिवंडीकडच्या गोदामांत भाडे कमी पडते, परंतु दहा प्रतींसाठी तिकडे जाणे परवडत नाही. मी एका परिचितांच्या गाळ्यातला पोटमाळा घेतला आहे. तळमजला टाळला तो पावसाच्या पाण्यासाठी, आणि मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली ती ओल आणि वाळवीसाठी. टपालाची बाजू मात्र अलीकडे सुसह्य झाली आहे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले असून त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये दर आहे, कर वेगळा. पानांची संख्या ठरवतानाच वेष्टनासह वजन ३०० ग्रॅमच्या आत बसते का, हे पाहून ठेवलेले बरे. २०८ पाने त्यात बसतात.

एक कायदेशीर बाब दोन्ही मार्गांना सारखीच आहे, पण मागणीनुसार छापणाऱ्यांकडून ती विसरली जाते. ग्रंथालयांना पुस्तके देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत आपल्याकडच्या उत्तमात उत्तम कागदावरची आणि नीट बांधलेली किंवा शिवलेली असावी, असेही त्यात म्हटले आहे.

ज्यांचे पहिले पुस्तक पारायणाचे आहे आणि ज्यांच्याकडे पाचशे प्रती खपतील एवढा परिचय मंदिरांतून, भजनी मंडळांतून आणि नातेवाइकांतून आहे, त्यांनी माझ्या मते ऑफसेट आणि शिवलेली बांधणी यांचाच विचार आधी करावा. छापखान्याकडून दरपत्रक मागवताना ‘सेक्शन सुईंग’ हे शब्द लेखी मागावेत, कारण तोंडी ‘पक्की बांधणी’ म्हटले की पुष्कळदा परफेक्ट बाइंडिंगच गृहीत धरली जाते. ग्रेन पाठीला समांतर हवा, हेही त्याच कागदावर लिहून द्यावे. आणि पूर्ण बांधणीला होकार देण्याआधी बाइंडरकडून एकच प्रत शिवून घ्यावी, ती टेबलावर मधोमध उघडून ठेवावी आणि त्याच्याशी हिशेबाचे बोलून होईपर्यंत पाने आपोआप उठतात का ते पाहावे.