देवाकडे टोकन नंबर चालतो का? : ठाण्यातल्या चार शनिवारांच्या वर्गाबद्दल

तलावपाळीहून चालत दहा मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये, श्रद्धेकडे विज्ञान कसं बघतं यावर चार शनिवारांचा वर्ग होता. फी ८०० रुपये. नणंदेने आमची दोघींची नावं परस्पर घातली, म्हणून गेले.

पहिला शनिवार ओळखीपाळखीतच गेला. दुसऱ्या शनिवारी पैसे वसूल! जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल या मानसशास्त्रज्ञांचा १९९६ सालचा प्रयोग सांगितला. लोकांना विचारलं, तर देव एकाच वेळी सगळ्यांचं ऐकतो असं ते म्हणत. मग त्यांना गोष्ट दिली : नदीत एका मुलाचा पाय दगडांत अडकलाय, तो प्रार्थना करतोय, आणि देव तेव्हा दुसरीकडे कुणाचं तरी ऐकतोय. गोष्ट आठवून सांगताना बऱ्याच जणांच्या तोंडी आलं की देवाने आधी ते काम उरकलं, मग मुलाकडे वळला. गोष्टीत तसं म्हटलेलंच नव्हतं.

वर्गात हशा पिकला. मी मात्र गप्प. त्याच सकाळी मी म्हणाले होते, "देवा, आधी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे, माझ्या शुगरचं नंतर बघ." चर्चमध्ये वीस वर्षं कॅटेकिझम (मुलांना धर्माचे धडे) शिकवलाय मी, देव सर्वव्यापी आहे हे पोरांकडून घोकून घेतलंय!

तिसऱ्या शनिवारी मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांचं काम. लहान मुलांना प्रत्येक गोष्टीत हेतू दिसतो. घरी येऊन नातीला विचारलं, दगड टोकदार का असतात? "कावळ्याने बसू नये म्हणून," एका फटक्यात उत्तर.

मग देव मेंदूनेच घडवलेला का? शिकवणारे सर म्हणाले, बेरीजही मेंदूच करतो, म्हणून ती खोटी ठरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांच्या मते धर्म हे मेंदूच्या रोजच्या कामाचं उपउत्पादन. बॅरेट मात्र स्वतः ख्रिस्ती. पुरावा तोच, निष्कर्ष वेगळे. हे मला पटलं.

तक्रार शेवटच्या शनिवारची. धर्मशास्त्र म्हणून फक्त कॅल्विन, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक. माणसात देवाची उपजत जाणीव असते हे त्याचं म्हणणं सांगितलं; पण मन हा मूर्तींचा कारखाना आहे, असंही तोच म्हणतो, ते गाळलं. म्हणजे उपजत जाणीव भरकटूही शकते, आणि खरा वाद तिथेच आहे! शिवाय वर्गात निम्मे आम्ही कॅथलिक. बुद्धीच्या प्रकाशात देव ओळखता येतो, असं १८७० साली व्हॅटिकनच्या परिषदेने जाहीर केलं होतं. आमचा मोठा धर्मशास्त्रज्ञ अक्विनास, त्याचं तर नावही नाही. मी हात वर केला, तर "वेळ संपली."

चहा चांगला, माइक खरखरणारा. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तेव्हा गुडघेवाल्यांनी आधी विचार करावा.