पत्र्यावर मारलेला बेरियम सल्फेटचा थंड रंग: आठ महिन्यांनंतर

आख्खा उन्हाळा, पावसाळा आणि थंडीची सुरुवात पाहून झाली, म्हणून आता लिहितोय. वरच्या पत्र्याच्या खोलीवर ऊन परत फेकून पत्रा गार ठेवणारा, नॅनोकणांचा (अतिशय बारीक कणांचा) पांढरा रंग मारला होता. काम चोख करतो, पण त्याचे लाड करावे लागतात.

पहिला घोळ ढवळण्यात झाला. बेरियम सल्फेट पाण्याच्या जवळपास साडेचारपट जड, त्यामुळे डब्याच्या तळाशी घट्ट गोळा बसला होता. मी वरवर काठी फिरवून पहिला हात मारला, तर खालचा पत्रा स्पष्ट दिसत होता. मग ड्रिलला पंखा लावून तळ खरवडून काढला आणि आणखी तीन हात दिले. थर जाडच हवा. पातळ राहिला तर ऊन त्यातून पत्र्यापर्यंत पोचतं.

तुलनेसाठी कडेचा एक चकचकीत पत्रा मुद्दाम कोरा ठेवला. भर दुपारी दोन वाजता हवा 37 अंश, कोरा पत्रा 58 आणि रंगवलेला 36! तीनदा मोजलं. मोजमाप तारेच्या सेन्सरने घ्या. इन्फ्रारेड गन (न टेकवता लांबून तापमान मोजणारं यंत्र) कोऱ्या पत्र्यावर फसते, त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि आकडा भलताच कमी येतो.

नेहमीच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणं शोषून तापतं, बेरियम सल्फेट ती शोषत नाही. शिवाय कण लहानमोठे मिसळलेले असतात, म्हणून उन्हातल्या वेगवेगळ्या तरंगलांबी विखुरल्या जातात. 2021 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या शिउलिन रुआन यांच्या गटाने अशा रंगातून 98.1 टक्के ऊन परत फेकून दाखवलं. रंगवलेल्या पत्र्याच्या स्वतःच्या उष्णतेचा बराच भाग 8 ते 13 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या पट्ट्यात बाहेर पडतो. तिथे हवा बरीचशी पारदर्शक असते, त्यामुळे ती थेट अवकाशात निघून जाते.

हवा दमट आणि आभाळ भरलेलं असलं की हीच वाट बंद होते. पावसाळ्यात फरक जेमतेम जाणवला.

खरी तक्रार टिकाऊपणाची. रंगात कण इतके ठासून भरलेत की त्यांना धरून ठेवणारा चिकट भाग कमी पडतो. तळहात फिरवला की खडूसारखी पूड लागते. शिडी टेकते तिथे तर पत्रा उघडा पडलाय. धुळीने थंडावा हळूहळू उतरतो. मऊ कुंच्याने धुतलं की बराचसा परत येतो, कडक ब्रश घासू नका.

थंडीत एक नवीच गोष्ट कळली. पहाटे रंगवलेला पत्रा हवेपेक्षा गार होतो आणि आतल्या बाजूने थेंब ठिबकतात. कोऱ्या पत्र्याखालची फरशी मात्र कोरडी असते. परवा अंथरूण ओलं झालं, म्हणून पत्र्याखाली फोमची शीट बसवून घेतली. शिडीजवळच्या पट्ट्यासाठी अर्धा डबा जपून ठेवलाय.