हातात कांडी देऊन सतरा कमतरता सांगणाऱ्यांपासून सावध राहा

थकवा काही केल्या जात नव्हता. ओळखीच्या एका बाईंनी मोफत तपासणी आहे म्हणून बोलावलं. हातात धातूची कांडी धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात रंगीत आलेख आणि सतरा कमतरता! ड जीवनसत्त्व, बी१२, जस्त, सेलेनियम सगळं लाल रंगात, लोह मात्र हिरव्यात. समोर छापील आकडे आले आणि माझा विश्वास बसला.

तीन डबे गळ्यात मारले: मल्टिव्हिटॅमिन, 'नसांसाठी' कॅप्सूल आणि ताकदीची पावडर. लघवी गर्द पिवळी झाली तर बाई म्हणाल्या, "बघा, लागू पडतंय." तो पिवळेपणा जास्तीच्या बी२चा असतो. शरीराला नको असलेलं बी२, म्हणजे रायबोफ्लेविन, लघवीवाटे बाहेर जातं, एवढाच त्याचा अर्थ.

पाचव्या महिन्यात पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग तळवे बधिर झाले, अंधारात चालताना तोल जायचा. बाईंना फोन केला. "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, थांबवू नका, डोस वाढवा." मी वाढवलासुद्धा. याचा संताप अजून जात नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिन्ही डबे आणायला सांगितले आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचून एका चिठ्ठीवर फक्त बी६, म्हणजे पायरिडॉक्सिन, लिहीत गेले. पन्नास, पन्नास, पन्नास. दिवसाला दीडशे मिलिग्रॅम, आणि हे डोस वाढवण्याआधीचं! प्रौढ माणसाची गरज साधारण दीड मिलिग्रॅम असते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तरी निघून जातात, असं मला ठामपणे सांगितलं होतं. पण बी६ महिनोन्‌महिने भरमसाट घेतलं तर नसांनाच इजा होते. नसांसाठी म्हणून घेतलेल्या कॅप्सूलमध्येही तेच होतं.

कुणी कांडी धरायला सांगितली तर उठून या. बी१२, ड, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) यांची पातळी रक्त तपासूनच कळते. एकाहून जास्त डबे चालू असतील तर आजच सगळे समोर ठेवा आणि एकच घटक किती डब्यांत आहे ते बघा. प्रमाण एका कॅप्सूलचं दिलंय की दोन-तीन कॅप्सूलचं मिळून, तेही वाचा. तिथे हमखास चकायला होतं.

रक्ताच्या तपासणीत माझं बी१२ व्यवस्थित निघालं. तळाला गेलेलं होतं ते फेरिटिन. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, थकवा उतरतोय. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत.