गंगी की कौसल्याबाई?

आमच्या इंदूरच्या वाचनमंडळात, रामबागेतल्या एका घरी, पुढच्या बैठकीला काय वाचायचं यावर पोहे गार झाले. दोन नावं होती. प्रेमचंदांची 'ठाकुर का कुआँ' ही १९३२ची कथा आणि कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप' हे १९९९चं आत्मकथन.

कथा दहा मिनिटांत संपते. घरातलं पाणी घाण, म्हणून आजारी नवऱ्यासाठी, जोखूसाठी, दलित गंगी रात्री तिला मज्जाव असलेल्या ठाकुराच्या विहिरीवर जाते, दार उघडल्याचा आवाज होतो, दोर हातातून सुटतो. घरी येऊन बघते तर नवरा तेच घाण पाणी पितोय. बांधणीला तोड नाही. गंगीच्या मनातला राग खरा वाटतो, तरी तो लांबून, कळकळीने पाहणाऱ्या पुरुषाने लिहिलेला आहे. आणि जोखू भला माणूस. त्यामुळे शत्रू फक्त घराबाहेर.

बैसंत्रीबाई दुसरी बाजू उघडतात. आजी, आई आणि स्वतः, अशा तीन पिढ्या. नागपूरची वस्ती, गिरणीत राबणारी आई. शाप दुहेरी, कारण एक जातीचा आणि दुसरा घरातल्या नवऱ्याचा. भाषा साधी, कुठे कुठे विस्कळीतही. पण मातृभाषा मराठी असून त्यांनी मुद्दाम हिंदीत लिहिलं, आणि हिंदीतलं दलित स्त्रीचं पहिलं आत्मकथन म्हणून ते ओळखलं जातं. घरात मराठी, बाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको!

वेळ कमी असेल तर कथा घ्या. माझं मत बैसंत्रीबाईंना. मंडळातल्या काकू मात्र अजून गंगीवरच अडून आहेत.