भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर क्रीम की कोलॅजन शीट?

उकळत्या वरणाने लेकराचा हात भाजलाय, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितलेत आणि ताई, तुम्ही अडल्या आहात.

सिल्व्हर क्रीम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, जंतू रोखणारं चांदीयुक्त मलम; ते १९६८पासून वापरात आहे. ट्यूब स्वस्त, मेडिकलमध्ये सहज मिळते. पण ड्रेसिंग सहसा रोज बदलावं लागतं, जुनं क्रीम पुसताना मूल कळवळतं, शिवाय जखम भरायला उशीर होऊ शकतो. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर नकोच.

कोलॅजन शीट, म्हणजे जखमेवर चिकटवायचा कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा, सुरुवातीला महाग. मात्र नीट चिकटली की खाली त्वचा भरते आणि शीट आपोआप सुटते. रोजच्या वेदना टळतात. लहान मुलांच्या बाबतीत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. खाली पू झाला, तर काढावीच लागते.

ताज्या, स्वच्छ, वरवरच्या जखमेला शीट. संसर्गाची भीती असेल तिथे क्रीम. त्वचा पूर्ण खोलीपर्यंत जळाली असेल, तर बहुधा त्वचारोपणच लागतं.