हरवून परत मिळालेला लॅपटॉप: विंडोजची फुकट साधनं कितपत कामाची?

कोकण रेल्वेत राहिलेली बॅग पुष्कळदा परत मिळते. चिपळूणला उतरताना तुतारी एक्सप्रेसमध्ये विसरलेली बॅग, रेल्वेच्या 139 हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर, पुढच्या स्टेशनावर नाहीतर थेट सावंतवाडीला आरपीएफच्या ताब्यात सापडते. लॅपटॉपवर ओरखडाही नसतो. पण मधल्या चार-पाच तासांत तो कोणी उघडला का? विंडोज 10 आणि 11 मधली साधनं याचं उत्तर देतात, पण अर्धंच.

लॅपटॉप सुरू करण्याआधी दुसऱ्या मशीनवरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, काही सेवांमध्ये ब्राउझरमधलं जुनं लॉगिन तसंच जिवंत राहतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमधूनही तो लॅपटॉप काढा. बॅग पावसात भिजली असेल तर पूर्ण वाळेपर्यंत बटण दाबू नका.

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या सोयीची स्थिती. सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि ती एका मिनिटाची आहे. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'manage-bde -status' चालवा. एन्क्रिप्शन 100 टक्के आणि प्रोटेक्शन 'ऑन' असेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फसवी जोडी म्हणजे 100 टक्के आणि 'ऑफ'. तिथे किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. कुलूप आहे, पण चावी त्यालाच लटकलेली. लोकल अकाउंटवर (मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय) चालणाऱ्या विंडोज होम आवृत्तीच्या लॅपटॉपांत हे बऱ्याचदा आढळतं. एन्क्रिप्शन शून्य असेल तर डिस्कची नक्कल झाली असं धरूनच चाला: सेव्ह केलेले पासवर्ड बदला, आधार-पॅनच्या प्रती होत्या का ते आठवा, बँकेला कळवा. पैसे गेलेच तर 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज ठेवतं त्या नोंदी (लॉग) दाखवणारं साधन. माहिती भरपूर, मांडणी भयंकर. सिक्युरिटी लॉगचा ठरलेला आकार 20 एमबी असतो आणि भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून आधी तो पेन ड्राइव्हवर सेव्ह करा. मग गाडीच्या वेळा समोर ठेवून सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट आयडीच्या आकड्यावरून दोन नोंदी शोधा: कर्नल-बूटची 27 (मशीन सुरू झालं) आणि पॉवर-ट्रबलशूटरची 1 (झोपेतून जागं झालं). दुसरीत जाग येण्याचं कारण दिलेलं असतं. तिथे 'टायमर' दिसला तर घाबरू नका, अपडेटसाठी विंडोज स्वतःच उठतं.

सिक्युरिटी लॉगमध्ये 4624, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या नोंदी, फिल्टर लावून वेगळ्या काढा आणि प्रत्येकीतला लॉगिनचा प्रकार (लॉगऑन टाइप) बघा. प्रकार 5 च्या नोंदी ढिगाने असतात, त्या सेवांच्या, सोडून द्या. बघायचे ते 2 (मशीनसमोर बसून लॉगिन), 7 (लॉक उघडणं) आणि 11 (मशीनमध्ये साठवलेल्या ओळखीवर लॉगिन). इथे नवखे हटकून फसतात: प्रकार 2 मध्ये डीडब्ल्यूएम किंवा यूएमएफडी अशा नावांची खाती दिसतात, ती विंडोजचीच. तुमच्या किंवा दुसऱ्या एखाद्या माणसाच्या खात्याने, तुमच्या हातात लॅपटॉप नसतानाच्या वेळेची नोंद असेल तर ती घुसखोरी समजा. 4720 (नवं खातं) आणि 1102 (लॉग पुसला) हेही पाहा. चुकलेल्या पासवर्डची 4625 नोंद मात्र ऑडिटच्या (कशाची नोंद ठेवायची याच्या) सेटिंगवर अवलंबून असते, तेव्हा ती नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

या साधनाची मोठी उणीव अशी की विंडोज सुरूच न करता पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून फायली उचलल्या तर विंडोजच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो. ती उणीव थोडीफार भरून काढणारं हे विंडोजबाहेरचं मोफत साधन. डिस्क स्वतःच 'पॉवर ऑन काउंट' (किती वेळा सुरू झाली) आणि चालू तास मोजते, ती कुठल्याही मशीनला लावली तरी. आधीचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर फरक लगेच कळतो. नसेल तर उपयोग कमीच, कारण काही लॅपटॉपांत झोपेतून उठतानाही हा आकडा वाढतो. आजचा आकडा तरी वहीत टिपून ठेवा.

डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन. साधारण पंधरा मिनिटं, मशीन रीस्टार्ट होतं. ओळखीचा मालवेअर सापडतो. पण 'काही सापडलं नाही' म्हणजे 'कोणी काही नेलं नाही' नव्हे.

बाजारपेठेतल्या दुकानांत 'फुल सिक्युरिटी चेकअप' म्हणून बहुतेक वेळा अँटिव्हायरस आणि फॉरमॅट एवढंच मिळतं. फॉरमॅट करायला हरकत नाही, पण लॉग सेव्ह झाल्यावरच. आणि दुकानदाराने वहीत पासवर्ड लिहून मागितला तर लॅपटॉप उचलून घरी या.